आयटम मोट: हे घर नक्की कधीचं?

तुमचे प्रश्न तीन आहेत. मुलीकडे लंडनला गेलात, तिथून केंट परगण्यातलं आयटम मोट हे खंदकाने वेढलेलं जुनं मॅनर हाउस, म्हणजे जहागीरदाराचं घर, पाहायला गेलात. तिथे ऐकलं की घर चौदाव्या शतकातलं आहे, आणि पुढच्याच खोलीत स्वयंसेवक बाईंनी सांगितलं की त्याचे काही भाग १९८९ ते २००४ या काळात उतरवून पुन्हा उभे केले. मग हे घर सातशे वर्षांचं की वीस वर्षांचं? दुसरा प्रश्न, एकाच चौकात दगड, लाकूड, विटा असं सगळं एकत्र का दिसतं? आणि तिसरा, जिन्याच्या खांबावर कोरलेलं ते माणसाचं डोकं कोणाचं?

जुन्या लाकडी-दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम मी गेली बरीच वर्षं करते आहे. त्यातली काही वर्षं दक्षिण इंग्लंडमध्ये अशाच घरांवर गेली. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी सरळ देते: घर सातशे वर्षांचंच आहे. जे तुम्हाला उतरवून बांधलेलं वाटलं, ते या घराच्या मूळ बांधणीच्या पद्धतीला धरूनच केलेलं काम होतं. हे नीट कळायला घर कसं उभं राहिलं ते बघावं लागेल.

आधी नाव. इंग्रजीत लिहिताना त्यात बरीच अक्षरं येतात, पण गावकरी ‘आयटम’ असाच उच्चार करतात. ‘मोट’ म्हणजे खंदक, असं बहुतेकांना वाटतं आणि समोर खंदक असल्यामुळे ते पटतंही. पण जुन्या इंग्रजीत जवळपास असाच शब्द गावच्या सभेसाठीही होता, आणि हे नाव त्यावरून आलं असावं असं मानणारेही आहेत. मला हा दुसरा अर्थ महत्त्वाचा वाटतो, कारण ‘मॅनर हाउस’ म्हणजे नुसतं श्रीमंताचं घर नव्हे. मॅनर ही जमिनीच्या कारभाराची व्यवस्था होती. जहागीरदार, त्याची खाजगी शेतं, कुळांची शेतं, कुळांनी द्यायचा खंड आणि करायचे कामाचे दिवस, आणि या सगळ्याचे तंटे सोडवणारं जहागीरदाराचं स्वतःचं न्यायालय. आपल्याकडच्या देशमुखी वतनाची थोडी आठवण येते, पण दोन्ही एकसारखे नाहीत. इंग्लंडमध्ये कुळांची नावं मॅनरच्या दप्तरात चढवून, त्या नोंदीची नक्कल त्यांच्या हाती देऊन जमीन कसायला देण्याची जुनी पद्धत थेट १ जानेवारी १९२६ला संपली. म्हणजे मॅनर हाउसमधला मोठा दिवाणखाना हा जेवणघर होता, तसाच कचेरी आणि न्यायसभाही होता. तो डोळ्यांसमोर ठेवला की घराची बाकीची मांडणी आपोआप उलगडते.

आता पुलावरून आत चला. तुम्ही पश्चिमेच्या बाजूने आलात, बुरुजासारख्या देवडीतून चौकात शिरलात आणि समोर, म्हणजे पूर्वेला, दिवाणखाना होता. आपल्या चौसोपी वाड्याची सवय असलेल्या माणसाला ही मांडणी लगेच ओळखीची वाटते: देवडी, चौक, समोर मुख्य सोपा. पण एक मोठा फरक आहे. आपला चौसोपी वाडा बहुतेक वेळा चारही बाजू एकत्र कल्पून बांधलेला असतो. इथे तसं झालं नाही. आधी उभा राहिला तो पूर्वेचा भाग: दिवाणखाना, त्याला लागून मालकाच्या कुटुंबाची माडीवरची खोली, देवघरासारखं छोटं चॅपेल आणि त्याच्या खाली दगडी कमानींचं तळघर. चौक चारही बाजूंनी बंद झाला आणि देवडीचा बुरुज आला तो पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात. मधल्या काळात माणसं याच घरात राहत होती, जेवत होती, भांडत होती. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. एकसारखं दिसावं असा कोणाचा आराखडाच नव्हता.

उरलेलं अर्धं उत्तर मालाचं आहे. भिंती खंदकाच्या पाण्यातून थेट वर येतात हे तुम्ही पाहिलंत. पाण्यालगत लाकूड टिकलं नसतं, म्हणून खाली केंटचा राखाडी, खडबडीत, घडवायला चिवट असा रॅगस्टोन. वरच्या मजल्याला ओझं हलकं हवं, म्हणून तिथे ओकचा सांगाडा आणि मध्ये भरलेली माती. चौकाच्या बाजूला पाणी नाही, तिथे लाकूड आणखी खालपर्यंत उतरलेलं दिसतं. विटा आल्या त्या त्यानंतर, धुराड्यांसाठी आणि डागडुजीसाठी. म्हणजे वेगवेगळे काळ आणि वेगवेगळ्या गरजा, दोन्ही एकाच भिंतीत दिसतात.

खंदकाबद्दलही एक गैरसमज काढून टाकायला हवा. तो पाहिला की शत्रू, वेढा, तलवारी असं काहीतरी मनात येतं. पण घर दरीत खोलगट जागी आहे. वरच्या उतारावर उभं राहून कोणीही त्यावर बाण मारू शकला असता. इंग्लंडमध्ये अशा खंदकांच्या सुमारे ६,००० जागा ठाऊक आहेत आणि त्यातल्या बहुतेक साध्या जमीनदारांच्या आहेत. चोर आणि जनावरं बाहेर राहतात, मासे पाळता येतात, पाणथळ जमिनीतलं पाणी एका ठिकाणी साचून बाकीची जागा कोरडी होते, आणि शेजाऱ्यांना आपली ऐपत दिसते. या शेवटच्या कारणाला मी कमी लेखत नाही. दरीतल्या झऱ्यांचं पाणी इथे सतत वाहतं, त्यामुळे ते आजही स्वच्छ आहे.

आता दिवाणखाना. माझ्या मते या घरात सर्वांत जास्त वेळ इथे द्यायला हवा, आणि मान वर करून. छताच्या मधोमध एक दगडी कमान आहे आणि दोन्ही टोकांना ओकच्या कमानी. दगड आणि लाकूड असं एकाच छतात एकाच कामासाठी वापरलेलं फार क्वचित दिसतं. कमानी भिंतीवर जिथे टेकतात तिथे ओणवी बसलेली माणसं कोरलेली आहेत, गुडघे पोटाशी, पाठ वाकलेली, जणू छताचं ओझं त्यांच्याच खांद्यावर आहे. कोरणाऱ्याला ओझं उचलणारं शरीर कसं दबतं हे ठाऊक होतं. त्याने ते रोज पाहिलं असणार.

या छताखाली सुरुवातीच्या काळात चूल भिंतीत नव्हती. अशा दिवाणखान्यांत जमिनीच्या मध्यावर विस्तव असायचा आणि धूर वर जाऊन छतातल्या फटींतून बाहेर पडायचा. म्हणून छत इतकं उंच. एका टोकाला मालकाचं उंचावलेलं मेज, दुसऱ्या टोकाला लाकडी आडोसा आणि त्यामागून कोठीकडे आणि स्वयंपाकघराकडे जाणारे दरवाजे. कोण कुठे बसतो यावरून त्याची जागा ठरायची. आज तुम्हाला तिथे भिंतीत शेकोटी आणि भिंतींना लाकडी तक्ते दिसले असतील. ते १८७०च्या दशकात वास्तुविशारद नॉर्मन शॉ यांनी केलेलं काम आहे. लोक ते मध्ययुगीन समजून त्याचा फोटो काढतात आणि खरं मध्ययुगीन काम डोक्यावर तसंच राहून जातं.

पण १३३०च्या आसपास हे छत झालं, हे कशावरून कळलं? कागदावरून नाही. लाकडावरून. ओकचं झाड दरवर्षी एक वर्तुळ वाढवतं. पाऊसपाणी बरं झालं तर रुंद, कोरडं वर्ष गेलं तर अरुंद. एका प्रदेशातल्या सगळ्या ओकांमध्ये ही रुंद-अरुंद वर्षांची रांग जवळपास सारखी असते. पेन्सिलीएवढी बारीक गाभ्याची सळई तुळईतून काढायची, वर्तुळांची रुंदी मोजायची आणि आधीच माहीत असलेल्या शेकडो वर्षांच्या रांगेशी जुळवून बघायची. सालीखालचा कच्च्या लाकडाचा थर शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडलं तेही सांगता येतं. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या काळचे सुतार ओक वाळवत बसत नसत. वाळलेला ओक लोखंडासारखा होतो, त्याला छिन्नी लागत नाही. झाड पडलं की ओलं असतानाच ते घडवायचे. त्यामुळे झाड तोडल्याचं वर्ष आणि छत चढवल्याचं वर्ष यांत सहसा एखाद-दोन वर्षांचंच अंतर असतं.

याच ओल्या ओकात तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसतं आणि दोन्हींतून आरपार एक लाकडी खुंटी जाते. ही खुंटी ज्या भोकांतून जाते ती भोकं मुद्दाम एकमेकांसमोर पाडत नाहीत; कुस्वातलं भोक केसभर आत सरकवून पाडतात. मग खुंटी ठोकताना सांधा ओढला जातो आणि आवळला जातो. पुढच्या काही वर्षांत ओक आटतो, पिळवटतो, आणि सांधा आणखी घट्ट होतो. तुम्हाला घराच्या तुळया वाकड्या दिसल्या असतील. तो म्हातारपणाचा दोष नाही, बहुतेक वाक पहिल्या दहा-वीस वर्षांतच आलेला असतो.

पुढची गोष्ट अशी की हा सांगाडा बांधकामाच्या जागी घडवत नसत. सुताराच्या आवारात तो जमिनीवर आडवा मांडायचा, प्रत्येक सांधा जुळवून बघायचा, मग प्रत्येक जोडीवर छिन्नीने खुणा करायच्या, एक रेघ, दोन रेघा, फुली, फुलीला रेघ, आणि पुन्हा सगळं सुटं करायचं. बैलगाड्यांतून ते जागेवर न्यायचं आणि खुणा बघत उभं करायचं. अशा खुणा मी पहिल्यांदा हाताने चाचपल्या तेव्हा माझ्या मनातला ‘मूळ’ या शब्दाचा अर्थच बदलला. ससेक्समधलं एक साधं शेतघर होतं. माळ्यावर अंधार, हातात टॉर्च. वाशाच्या टोकाला चार रेघा, त्याच्या जोडीदारावरही चार. पाच नंबरच्या वाशाची जोडी मात्र सात नंबरच्या वाशाशी लावलेली होती. पाचशे वर्षांपूर्वी कोणाची तरी घाई झाली होती. म्हणजे सुटं करून, खुणा करून, पुन्हा जोडणं हा या घरांचा जन्मच आहे. १९८९नंतर आयटम मोटमध्ये लाकडांना क्रमांक देऊन, उतरवून, दुरुस्त करून परत चढवली, तेव्हा पहिल्या सुताराने जे केलं होतं तेच त्यांनी केलं.

आणि ते करावं लागलं हेही खरं. अशा घराचे शत्रू दोन, पाणी आणि ओकमधला कीडा. या कीड्याला इंग्रजीत मृत्यूच्या जागरणाचं नाव आहे, कारण मादी-नर एकमेकांना बोलावताना लाकडावर डोकं आपटतात आणि तो टकटक आवाज रात्री, कोणाच्या तरी आजारपणात जागत बसलेल्या माणसांनाच ऐकू यायचा. त्याची अळी लाकडाच्या आत कधीकधी दहा वर्षंही राहते. पण कोरड्या, निरोगी ओकमध्ये तिचं फारसं काही चालत नाही. ओल येऊन बुरशीने लाकूड मऊ झालं की तिचं फावतं. म्हणून औषध फवारण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं.

बहुतेकदा ते येतं माणसाच्या चांगल्या हेतूने केलेल्या चुकीतून. त्याच ससेक्सच्या घरात आधीच्या पिढीत कोणीतरी बाहेरच्या भिंतीचा जुना चुना खरवडून सिमेंटने दरजा भरल्या होत्या. भिंत टणटणीत दिसत होती. चुना पाणी शोषतो आणि परत हवेत सोडतो. सिमेंट ते आत कोंडून ठेवतं. आम्ही सिमेंट काढलं आणि त्यामागच्या पायथ्याच्या तुळईत माझं बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. बाहेरून चार इंच जाड दिसणारं लाकूड आत तंबाखूच्या चुऱ्यासारखं झालं होतं. पुण्यातल्या आणि वाईतल्या वाड्यांवर काम करताना हीच चूक मला पुन्हा पुन्हा दिसते, चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि मग आतून फुगलेली, पापुद्रे सुटणारी भिंत. देश वेगळा, पाणी तेच.

आयटम मोटची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने पंधरा वर्षं चालली आणि १ कोटी पौंडांच्या घरात खर्च झाला. अशा कामात नियम असा की लाकडाचा जेवढा भाग सडला असेल तेवढाच कापायचा. तुळईचं टोक गेलं असेल तर टोकच बदलायचं. जुनं आणि नवं लाकूड तिरक्या, एकमेकांत अडकणाऱ्या सांध्याने जोडायचं, ज्याने ओढही सहन होईल. नव्या तुकड्याला जुनं दिसावं म्हणून काळा रंग देत नाहीत. पुष्कळ ठिकाणी त्यावर वर्षही कोरतात, म्हणजे पुढच्या माणसाची फसगत होत नाही. सांगाड्यातल्या चौकटी भरायच्या त्या उभ्या काठ्यांमध्ये विणलेल्या फांद्यांवर माती, गवत आणि शेण लिंपून. हे वाचून तुम्हाला कोकणातली कुडाची भिंत आठवली असेल तर अगदी बरोबर. मी इंग्लंडमध्ये ते लिंपण हाताने लावायला शिकत होते तेव्हा शिकवणाऱ्या गवंड्याने विचारलं, तुला हे आधी येत होतं का? आजोळी परसात असंच व्हायचं, एवढंच मी म्हणू शकले.

ही विचारसरणी कुठून आली तेही थोडक्यात सांगते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जुन्या चर्चांना ‘मूळ रूपात आणण्याची’ लाट आली होती. त्या नावाखाली पाचशे वर्षांची भर खरवडून काढायची आणि एका काल्पनिक शुद्ध काळातलं चर्च नव्याने बांधायचं. त्याविरुद्ध विल्यम मॉरिस आणि फिलिप वेब यांनी १८७७मध्ये जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली. त्यांचं म्हणणं साधं होतं: रोज थोडी काळजी घ्या, गळती वेळेवर थांबवा, आणि कोणत्याही एका काळाला मूळ ठरवून बाकीचे पुसू नका. आज आयटम मोटमध्ये नॉर्मन शॉची शेकोटी काढून टाकलेली नाही, ती याच विचारामुळे.

मालकांकडे येते, कारण प्रत्येकाने घरात काहीतरी ठेवलं. चौदाव्या शतकातला सर थॉमस कॉन आजही आयटम गावच्या चर्चमध्ये चिलखत घालून दगडात पहुडलेला आहे. पुढच्या वेळी मुद्दाम तिथेही जा. त्यानंतरच्या हॉट घराण्याने देवडी आणि चौक दिला. १४८३मध्ये तिसऱ्या रिचर्ड राजाविरुद्ध बंड झालं, त्यात हॉट सामील होते, इस्टेट जप्त झाली. दोन वर्षांनी बॉसवर्थच्या लढाईत राजा पडला आणि ती परत मिळाली. पण घराण्याची पैशाची घडी पुढे विस्कटत गेली.

१५२१मध्ये सर रिचर्ड क्लेमंट यांनी हे घर ४०० पौंडांना घेतलं. हे आठव्या हेन्रीच्या दरबारातले. नवा माणूस, जुनं घर, आणि राजाच्या जवळ असल्याचा अभिमान. त्यांनी तो जिथे जमेल तिथे लावला: दिवाणखान्याच्या खिडकीतल्या रंगीत काचांत, छपराच्या कडेच्या कोरीव फळ्यांवर, आणि सर्वांत सुंदर म्हणजे माडीवरच्या लांब खोलीच्या छतावर. पूर्वेचं छोटं चॅपेल वेगळं; ही खोली आज ‘नवं चॅपेल’ म्हणून ओळखली जाते. पिंपाच्या आतल्या बाजूसारखं गोलाकार लाकडी छत आणि फळ्याफळ्यांवर रंगवलेली चिन्हं. हेन्रीच्या ट्यूडर घराण्याचा गुलाब, फ्रान्सची लिली, स्पेनमधल्या कास्तीलचा किल्ला, आणि डाळिंब. हे डाळिंब म्हणजे हेन्रीची पहिली राणी, अ‍ॅरागॉनची कॅथरीन. १५३३मध्ये तो विवाह रद्द ठरवला गेला. राजवाड्यांत राणी बदलली की चिन्हंही बदलत. हॅम्पटन कोर्टमध्ये पुढच्या राणीची, अ‍ॅन बोलिनची आद्याक्षरं तिच्या वधानंतर काढली गेली आणि नजरेतून निसटलेली थोडी तेवढी उरली. आयटममध्ये डाळिंबं तशीच राहिली. क्लेमंट १५३८पर्यंत जिवंत होते, म्हणजे पाच वर्षं ते या छताखाली वावरले. त्यांनी का पुसली नाहीत हे ते जाणोत. रंग आता विटले आहेत, पण खाली पाठ टेकून पडल्यासारखं वर बघितलं तर फळातले दाणेसुद्धा दिसतात.

तुम्ही विचारलेलं डोकं सेल्बी घराण्याचं. १५९१मध्ये नॉर्थम्बरलंडच्या विल्यम सेल्बी यांनी घर घेतलं आणि जवळपास ३०० वर्षं ते त्यांच्या वंशाकडे राहिलं. ‘सॅरासेनचं डोकं’ हे त्यांच्या कुळाचं चिन्ह. धर्मयुद्धांच्या काळापासून इंग्लंडमधल्या अनेक घराण्यांनी पूर्वेकडच्या मुस्लिम योद्ध्याचं डोकं चिन्हात घेतलं, आमच्या पूर्वजाने त्याला हरवलं असं सांगण्यासाठी. जिन्याच्या खांबावर ते आहे आणि मोठ्या बैठकीच्या खोलीतल्या शेकोटीवरही. आपल्यासारख्या माणसाला ते बघताना बरं वाटत नाही, हे मी मान्य करते. पण काढून टाकावं असं मला वाटत नाही. घराने काय काय अभिमानाने मिरवलं तेही दिसायला हवं.

याच घराण्यातल्या डोरोथी सेल्बींची एक गोष्ट तुम्हाला नक्की ऐकवली असेल: १६०५मध्ये पार्लमेंट उडवून देण्याचा कट त्यांनी निनावी पत्राने उघड केला आणि सूड म्हणून त्यांना भिंतीत जिवंत चिणलं. यातलं काही खरं नाही. त्या वारल्या १६४१मध्ये, कटानंतर ३६ वर्षांनी. आयटमच्या चर्चमध्ये त्यांचं स्मारक आहे आणि त्यावरच्या पद्यात त्यांच्या ‘कलेने’ कट उघड केला असं म्हटलंय. ही कला म्हणजे भरतकाम. त्या नावाजलेल्या भरतकाम करणाऱ्या होत्या, त्यांनी कटाचा प्रसंग सुईदोऱ्याने चितारला होता, आणि स्मारकावर तेच चित्र कोरलेलं आहे. एका बाईच्या कसबाची एवढी मोठी दखल दगडात घेतली गेली, आणि आपण त्याची भुताची गोष्ट करून टाकली, याचं मला वाईट वाटतं.

सेल्बींचे आपण ऋणी आहोत ते वेगळ्याच कारणासाठी. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंतांनी जुनी घरं पाडून ग्रीक-रोमन खांबांचे महाल उठवले. सेल्बींपाशी तेवढा पैसा नव्हता. नवी आवड त्यांनी एकाच खोलीत भागवली: बैठकीच्या खोलीत त्या काळच्या फॅशनची तीन भागांची मोठी खिडकी बसवली आणि भिंतींना चीनमधून आलेला, हाताने रंगवलेल्या पक्ष्या-फुलांचा कागद लावला. बाकी घर जसं होतं तसं राहिलं. डर्बिशरमधलं हॅडन हॉल असंच वाचलं. त्याचे मालक दुसरीकडे मोठ्या वाड्यात राहायला गेले आणि हे घर विसरल्यासारखं झालं. जुनं घर टिकायला थोडीशी गरिबी किंवा थोडंसं दुर्लक्ष लागतं, फक्त छप्पर शाबूत हवं.

१८८९मध्ये सर थॉमस कोलयर-फर्ग्युसन यांनी ते विकत घेतलं, नीट दुरुस्त केलं, गरम पाण्याच्या नळ्यांनी उब आणली आणि आठवड्यातून एक दुपार लोकांना बघायला उघडं ठेवलं. चौकात तुम्ही पाहिलेलं कुत्र्याचं भलंमोठं घर त्यांच्याच काळातलं, १८९१चं, डिडो नावाच्या सेंट बर्नार्डसाठी. त्याला आज सर्वोच्च दर्जाचं कायदेशीर संरक्षण आहे. त्यांचा धाकटा मुलगा रिव्हर्सडेल पहिल्या महायुद्धात, ३१ जुलै १९१७ला बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत मारला गेला, वयाच्या एकविसाव्या वर्षी; त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला.

१९५१मध्ये सर थॉमस वारले आणि घर पहिल्यांदा खरोखर धोक्यात आलं. वारसाकर, गळकं छप्पर, नोकर नाहीत. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हजाराहून जास्त मोठी जुनी घरं याच कारणांनी पाडली गेली. इथलं सामान लिलावात गेलं. तेव्हा परिसरातल्या तिघा जणांनी आपल्या पैशाने घर विकत घेऊन थोपवून धरलं, चांगला मालक मिळेपर्यंत. तो मिळाला १९५३मध्ये: अमेरिकेतल्या मेन राज्यातले चार्ल्स हेन्री रॉबिन्सन. तरुणपणी सायकलवरून इंग्लंड फिरताना त्यांनी हे घर पाहिलं होतं. सौदा ठरवून परत जाताना बोटीवर त्यांचा धीर सुटला, नकाराचं पत्रही लिहिलं, पण टपाल तिकीट हाताशी नसल्यामुळे ते टाकायचं राहून गेलं, असं सांगतात. वर्षातले थोडेच आठवडे ते इथे राहत. पण त्यांनी छप्पर सांभाळलं, घराला शोभेल असं जुनं सामान आणलं, आणि १९८५मध्ये मृत्यूनंतर सगळं नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुनी घरं आणि जागा सांभाळणाऱ्या संस्थेला दिलं. तुमच्या बाईंनी सांगितलेली ती मोठी दुरुस्ती त्यानंतर चारच वर्षांनी सुरू झाली.

आता पुन्हा जाणार असाल तर दोन गोष्टी सांगते. हिवाळ्यात, झाडांची पानं गळल्यावर जा. सूर्य खाली असतो आणि तिरप्या उन्हात चौकातल्या लाकडांवरचे वार, खुंट्यांची डोकी, जुन्या-नव्या तुकड्यांचे तिरके सांधे एकेक करून उठून दिसतात. दिवाणखान्यात मधल्या दगडी कमानीखाली उभे राहा आणि कोपऱ्यातल्या त्या ओणव्या माणसांकडे बघा. आणि निघताना तळघराच्या बाहेरच्या भिंतीपाशी थांबा. रॉबिन्सन यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा तिथल्या भिंतीत बसवलेली आहे.